पहिली सुई कोणाच्या दंडात ?

साडेचार वर्षांचा वैद्यकीय अभ्यास संपवून आणि शेवटच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन जो तरुण डॉक्टर आंतरवासी म्हणून रुग्णालयात पाऊल टाकतो, त्याला पहिल्याच आठवड्यात काय काय करावे लागते याची कल्पना बाहेरच्या सुशिक्षित माणसास सहसा नसते. शिरेत सुई घालून सलाइन लावणे, धमनीतून रक्त काढणे, मूत्रनलिका बसविणे, फुटलेल्या कपाळास टाके घालणे, अडलेल्या बाळंतिणीपाशी उभे राहणे आणि रात्री दोनच्या सुमारास एखाद्या रोग्याचे हृदय थांबले तर वरचा डॉक्टर धावत येईपर्यंत त्याच्या छातीवर दाब देत राहणे, ही सारी कामे त्याच्याकडे येतात. ही कामे कशी करावीत हे त्याने पुस्तकात वाचलेले असते, कोणाच्या तरी खांद्यावरून पाहिलेलेही असते. परीक्षेत त्यावर त्याने चांगले गुणही मिळविलेले असतात. परंतु हाताने ती किती वेळा केली, असा प्रश्न त्यास विचारला तर पुष्कळदा उत्तर ‘एकदा’ असे मिळते आणि काही वेळा तेही मिळत नाही. पहिली सुई कधी तरी आणि कोणाच्या तरी दंडात जावयाचीच असते. ती कोणाच्या दंडात जावी, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

याचे आजवरचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे, पण ते कोणी मोठ्याने बोलत नाही. ती सुई खाजगी रुग्णालयाच्या थंडगार खोलीत पडलेल्या श्रीमंताच्या दंडात जात नाही. ती सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात, कधी खाटेवर तर कधी दोन खाटांमध्ये जमिनीवर अंथरलेल्या गादीवर पडलेल्या हमालाच्या, मोलकरणीच्या, गावाहून एसटीने आलेल्या शेतकऱ्याच्या दंडात जाते. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा शीर सापडते. रोगी दात आवळून सोसतो आणि वर ‘डॉक्टरसाहेब, तुम्हांला तसदी झाली’ असे म्हणावयासही कमी करीत नाही. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १९२६ साली परळला गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व केईएम रुग्णालय उभे राहिले. तेव्हापासून या शहरातील नामांकित डॉक्टरांचे हात गरिबांच्या देहांवरच तयार झाले आहेत. पुढे त्याच हातांनी गरिबांचे प्राणही वाचविले, हे आम्ही विसरत नाही. परंतु शिकण्याची किंमत एका वर्गाने द्यावी आणि शिकलेल्या कौशल्याचा मोठा वाटा दुसऱ्या वर्गाने घ्यावा, या व्यवहारास सेवा हे नाव देणे आम्हांस जड जाते.

यात दोष त्या तरुण डॉक्टरांचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. एक पाहा, एक करा, एक शिकवा, हा शस्त्रवैद्यांच्या जगातील जुना मंत्र आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड यांनी निवासी शिक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिच्याशी हा मंत्र जोडला जातो. त्या पद्धतीत वर्षानुवर्षे गुरूच्या नजरेखाली राहणे हा मुख्य भाग होता. आपल्याकडे गुरूची नजर गळाली आणि मंत्र तेवढा उरला. एकेका युनिटमध्ये रोग्यांची जत्रा लोटलेली असते आणि प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात. सिस्टरांची संख्या अपुरी आणि निवासी डॉक्टर तीस-तीस तास जागा. अशा स्थितीत नवख्याचा हात धरून त्यास शिकवावयाचे कोणी आणि केव्हा ?

यावर उपाय आहे. त्यास जगभर सिम्युलेशन म्हणतात. रोग्याच्या जागी पुतळा, बाहुली, यंत्र किंवा रोग्याचे सोंग घेतलेला माणूस ठेवावयाचा आणि विद्यार्थ्याने त्याच्यावर हात बसेपर्यंत चुका करावयाच्या, असा हा मार्ग आहे. परदेशी शब्द ऐकला की हे काही तरी नवे आणि महागडे खूळ असावे अशी शंका आपल्याकडे लगेच घेतली जाते. म्हणून सांगतो, की या कल्पनेला आपल्याच ग्रंथांत एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘योग्या’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय या एकाच विषयास वाहिलेला आहे. तो केवळ ‘सराव करा’ असे सांगून थांबत नाही, तर कोणता सराव कोणत्या वस्तूवर करावयाचा याची यादीच देतो. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनाचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर आणि खरवडण्याचा केसाळ कातड्यावर करावा. शिरेचा वेध घेण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ घ्यावेत. जखमेत सळई घालून पाहण्यासाठी किड्यांनी पोखरलेले लाकूड आणि वेळूची नळी. रुतलेले शल्य उपसून काढण्यासाठी फणस आणि बेलफळ यांचा गर आणि मेलेल्या जनावरांचे दात. टाके घालण्यासाठी कापडाच्या कडा आणि मऊ चामडे. पट्टे बांधण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा भरीव पुतळा करावा, असे हा ग्रंथ सांगतो. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने योग्या केली नाही तो शस्त्रकर्मास अपात्र, असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. सभासंमेलनांत सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगविणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. शस्त्रक्रियेचा जनक म्हणून त्याच्या तसबिरीस हार घालणाऱ्या महाविद्यालयांनी त्याचा हा एक अध्याय जरी पाळला असता, तरी आजचा अग्रलेख लिहिण्याची गरज पडली नसती.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आंजेलीक द्यु कुद्रे नावाच्या सुईणीने कापड, चामडे आणि कापूस भरून बाळंतिणीच्या कटिभागाची आणि बाळाची प्रतिकृती शिवली. पंधराव्या लुईने १७५९ साली तिला परवाना दिला आणि ती ही ‘यंत्रे’ घेऊन गावोगाव हिंडली, निरक्षर खेडूत बायकांना प्रसूतीचे शास्त्र हाताने शिकवीत. तिच्या हाताखालून हजारो सुइणी तयार झाल्या. त्यांपैकी एक प्रतिकृती रूआँ येथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. त्यानंतरची गोष्ट नॉर्वेतली. १९६० साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवता येते हे दाखविले आणि तोंडाने श्वास देण्याची रीतही त्याच सुमारास रूढ होऊ लागली. परंतु जिवंत माणसाच्या छातीवर असा दाब देण्याचा सराव करणार कसा ? स्टाव्हांगर गावी प्लॅस्टिकच्या बाहुल्या करणारे आसमुंड लेअरडाल यांनी माणसाएवढी बाहुली घडविली. सीन नदीत सापडलेल्या एका अनाम तरुणीचा म्हणून जो मुखवटा युरोपात घराघरांत टांगलेला असे, त्याचा चेहरा त्यांनी त्या बाहुलीस दिला. त्या बाहुलीच्या छातीवर आजपावेतो जगातील कोट्यवधी माणसांनी हात ठेवले आहेत. मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा आणि निदान पाच सेंटिमीटर खोल, हे गणित पुस्तकात एका ओळीचे आहे. पण दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ पडू लागतो, हे त्या बाहुलीवाचून कळत नाही.

वैमानिकांच्या जगात हा वाद केव्हाच संपला. एडविन लिंक हा ऑर्गन व पियानो बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. ऑर्गनच्या भात्यांचीच युक्ती लढवून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरून न हलणारे विमान तयार केले. पण आरंभी ते जत्रेतले खेळणे म्हणूनच पाहिले गेले. १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे टपाल नेण्याचे काम आले आणि धुक्यापावसात, अंधारात अनेक वैमानिक काही आठवड्यांत मृत्यू पावले, तेव्हा सैन्याने ती खेळणी विकत घेतली. आज यंत्रावर परीक्षा दिल्यावाचून कोणीही प्रवासी विमान उडवू शकत नाही. विमानविद्येने हे इतक्या तत्परतेने का स्वीकारले आणि वैद्यकाने इतक्या सावकाशीने का, याचे एक कारण आम्हांस दिसते. ते थोडे बोचरे आहे. विमान कोसळले तर वैमानिक प्रवाशांबरोबरच जातो.

परंतु बाहुलीवर गिरविलेला हात खऱ्या रोग्याच्या कामी येतो काय ? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ तर्काने देता येणार नाही. सुदैवाने पुरावा आहे. प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर यावे आणि खांदा आईच्या हाडामागे अडकून राहावा, असा एक भयंकर प्रसंग असतो. वेळ मिनिटांत मोजावयाचा असतो. घाबरून मान ओढली तर बाळाच्या दंडाच्या मज्जा तुटतात आणि हात जन्मभर लुळा पडतो. हा प्रसंग क्वचित येतो. नवा डॉक्टर तो शिकण्यासाठी थांबून राहिला तर पहिला प्रसंगच त्याची परीक्षा होऊन बसतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील साउथमीड रुग्णालयाने २००० साली आपल्या साऱ्या सुइणी आणि प्रसूतितज्ज्ञ यांना दरवर्षी एकत्र बसवून पुतळ्यावर याचा सराव देण्यास आरंभ केला. २००८ साली त्यांनी आपला हिशेब प्रसिद्ध केला. शिक्षणापूर्वीच्या वर्षांत खांदा अडकलेल्या बाळांपैकी ९·३ टक्क्यांना इजा झाली होती. शिक्षणानंतर ते प्रमाण २·३ टक्के झाले. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रुग्णालयात मोठ्या शिरेत नळी घालण्याचे काम निवासी डॉक्टरांकडून आधी पुतळ्यावर पक्के करून घेतले. त्यानंतर अतिदक्षता विभागात नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग हजार नळी-दिवसांमागे ३·२ वरून ०·५ वर आला. नळी तीच, औषधे तीच. बदलले ते घालणारे हात.

तथापि पुराव्याची दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे आणि आमच्या मते तीच अधिक उद्बोधक आहे. टांझानियातील हायडोम या ग्रामीण रुग्णालयात, जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास देण्याचे शिक्षण बाहुलीवर एका दिवसात देण्यात आले. बाहुलीपुढे सर्वांचे हात सुधारले. पण प्रसूतिगृहात प्रत्यक्ष बाळांच्या बाबतीत वागणुकीत फरक पडला नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. ही माणसे निराश झाली नाहीत. त्यांनी बाहुली प्रसूतिगृहातच आणून ठेवली, आणि कामाच्या जागी थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण खरोखरच घटले. आपल्या शेजारी बेळगाव परिसरातही हेच शिक्षण देण्यात आले होते. तेथे मृत जन्मलेली म्हणून नोंदल्या जाणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा ३ वरून २·३ वर आले, परंतु जन्मल्यानंतरचे मृत्यू तेवढ्याने कमी झाले नाहीत. जी बाळे मेलेली समजून बाजूस ठेवली जात त्यांतील काही श्वासाची वाट पाहत होती, असा याचा अर्थ लावला तर तो चुकीचा ठरू नये.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे नियम नाहीत अशी तक्रार कोणी करू नये. वैद्यकीय पदवीचा नवा, कौशल्यांवर भर देणारा अभ्यासक्रम २०१९ साली लागू झाला. मेडिकल कौन्सिलच्या जागी २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि त्याच वर्षीच्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य-प्रयोगशाळा असणे बंधनकारक झाले. दीडशे विद्यार्थ्यांपर्यंतच्या महाविद्यालयास ती ६०० चौरस मीटरांची असावी, असेही ठरले. क्षेत्रफळ ठरले, साहित्याची यादी ठरली. तपासनीस येतात, फीत लावून खोली मोजतात, पुतळे मोजतात, शेरा लिहितात आणि जातात. काही महाविद्यालये या खोल्यांचा उत्तम उपयोग करीत आहेत आणि त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु ज्या महाविद्यालयात तपासणीच्या आदल्या दिवशी पुतळ्यांवरची प्लॅस्टिकची खोळ निघते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढते, जेथे खोलीची किल्ली एका कारकुनाच्या खिशात असते आणि कारकून चार वाजता घरी जातो, त्या महाविद्यालयासही हाच शेरा मिळतो. देशात २०१४ साली वैद्यकीय पदवीच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या; आज त्या एक लाखाच्या वर गेल्या आहेत. महाविद्यालयेही त्या वेळच्या ३८७ वरून सातशेच्या पलीकडे गेली. डॉक्टर वाढले पाहिजेत, यात दुमत नाही. पण जागा दुपटीने वाढल्या म्हणून अनुभवी शिक्षक दुपटीने वाढत नसतात. मग एका शिक्षकामागे जे अधिक हात उभे राहिले, त्यांना सराव कोठे मिळावयाचा ?

ज्येष्ठ डॉक्टरांपैकी काहींचे म्हणणे असे, की आम्ही बाहुल्यांवाचूनच शिकलो आणि आमचे काही बिघडले नाही. त्यांचे काही बिघडले नाही, हे आम्हांस मान्य आहे. दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. बाहुलीला भीती वाटत नाही, तिची बायको दाराशी रडत उभी नसते, तिला घाम सुटत नाही. बाहुलीवर तयार झालेला डॉक्टर माणसाशी बाहुलीसारखाच वागू लागेल, अशी या मंडळींस धास्ती वाटते. ही धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. खाटेशेजारी बसून रोग्याची हकिकत ऐकणे, त्याच्या पोटावर हात ठेवण्यापूर्वी तो हात चोळून ऊबदार करणे, वाईट बातमी नातलगांस कशी सांगावी हे समजणे, या गोष्टी कोणतेही यंत्र शिकवू शकत नाही. पण यासही एक तोड निघालेली आहे. हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुतज्ज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात निरोगी माणसांना रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. त्यांच्यावर तेव्हा टीकेचा भडिमार झाला, पण ती पद्धत आज जगभर परीक्षांतसुद्धा वापरली जाते. मुंबई-पुण्यात नटांचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रायोगिक रंगभूमीवरील एखाद्या कलावंताने मुलगा गमावलेल्या बापाची भूमिका घेऊन नव्या डॉक्टरापुढे अर्धा तास बसावे, हे काम नाट्यस्पर्धेतील पारितोषिकाहून हलके ठरणार नाही.

खर्चाचा बाऊ करणारांस फार वेळ देण्याचे कारण नाही. डोळे मिटणारा, घाम गाळणारा, नाडी उडणारा परदेशी पुतळा लाखो रुपयांस मिळतो हे खरे. तो नसला तरी चालेल. कोहळा मंडईत मिळतो.

पैशाहून अवघड गोष्ट निराळीच आहे. रुग्णालयात रोगी दगावतो तो पुष्कळदा एकट्या डॉक्टरचा हात चुकल्याने नव्हे, तर चार माणसांचा मेळ न बसल्याने. बाळंतीण रक्तस्रावाने पांढरी पडत चालली आहे. औषध कोणी आणावयाचे, रक्तपेढीस फोन कोणी करावयाचा, गर्भाशय कोणी दाबून धरावयाचा, गेलेल्या रक्ताचा अंदाज कोणी ठेवावयाचा, हे ठरलेले नाही. सर्व जण एकच काम करीत आहेत आणि एक काम कोणीच करीत नाही. वीस वर्षे प्रसूतिगृहात काढलेल्या सिस्टरांना चूक दिसते आहे, परंतु डॉक्टरसाहेबांना सांगावयाचे कसे म्हणून त्या गप्प आहेत. हे गप्प बसणे आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळले आहे. ते व्याख्यानाने जाणार नाही. डॉक्टर, सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय या सर्वांनी मिळून त्याच वॉर्डात, त्याच कपाटातील औषधे घेऊन खोट्या रोग्यावर तालीम केली आणि नंतर दहा मिनिटे बसून काय चुकले ते कोणासही अपमान न वाटता बोलून दाखविले, तर मात्र ते हळूहळू जाऊ शकते. अशा तालमीत औषधाच्या कपाटाची किल्ली सापडत नाही किंवा लहान मुलाच्या मापाचा मुखवटाच वॉर्डात नाही, असे शोधही लागतात. ते खऱ्या रोग्यापुढे लागण्यापेक्षा आधी लागलेले बरे.

आंतरवासितेचे वर्ष हे या शिक्षणाचे खरे वर्ष आहे आणि त्याचीच आपण सर्वांत अधिक नासाडी करीत आहो. या वर्षात डॉक्टर झालेला तरुण रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचविणे, अहवाल आणणे, फॉर्म भरणे यांत दिवस घालवितो आणि उरलेला वेळ पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नसंचांवर डोके घालून बसतो. त्यास दोष कसा द्यावा ? त्याचे भवितव्य त्या परीक्षेवर अवलंबून आहे आणि ती परीक्षा त्याच्या हातास काहीच विचारीत नाही. ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी नवे डॉक्टर रुजू होतात. त्या सुमारास तातडीने दाखल झालेल्या रोग्यांचे मृत्यू किंचित अधिक होतात, असे २००९ सालच्या एका अभ्यासाने दाखविले. २०१२ पासून तेथे नव्या डॉक्टरने रुजू होण्यापूर्वी निदान चार दिवस जुन्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखे हिंडावे, असा नियम झाला. चार दिवस काही फार नव्हेत. आपल्याकडे तेवढेही सक्तीचे केले तर पुष्कळ.

नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्याचे वैद्यकीय शिक्षण खाते यांनी मनावर घेतले तर या कामास नवा कायदा लागणार नाही. आंतरवासितेचा पहिला आठवडा वॉर्डात न घालविता योग्येत घालवावा. छातीवरचा दाब, श्वासमार्ग, शीर, मूत्रनलिका, टाके, न रडणारे बाळ आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव एवढ्या गोष्टी पुतळ्यावर बिनचूक करून दाखविल्यावाचून कोणासही रात्रपाळीस पाठवू नये. आणि जो पहिल्यांदा नापास होईल त्यास लाज न वाटता दुसऱ्यांदा येता यावे. दर महिन्यास एक तालीम वॉर्डातच, तीही रात्री, व्हावी. कौशल्य-प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघडी राहावी आणि तिची किल्ली निवासी डॉक्टरांच्या खोलीत असावी. तपासणीस येणाऱ्या मंडळींनी चौरस मीटर अवश्य मोजावेत, परंतु त्यापूर्वी दाराशी ठेवलेली एक नोंदवही मागावी. तीत तारीख, आलेल्याचे नाव, काय केले आणि शिक्षकाची सही, एवढे चार रकाने पुरेत. ही नोंदवही दर वर्षाच्या अखेरीस महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्यात यावी, म्हणजे ती रोग्यांच्या नातलगांसही वाचता येईल.